गाडीतच बिऱ्हाड : कमी निगेचे, चारचौघांत शोभणारे कपडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन किंवा कुलूप लावून व्हॅनमध्ये, कॅम्परमध्ये महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. अशा राहणीत कपाट जेमतेम दीड-दोन फुटांचं असतं, पाणी मोजून वापरावं लागतं आणि इस्त्रीला वीज परवडत नाही. तरीही बँकेत, ग्राहकासमोर, देवळात, भाचीच्या साखरपुड्यात नीटनेटकं दिसायचं असतं. कापडाची निवड बरोबर असेल तर हे सहज जमतं.

कपडा गाडीत चालेल की नाही, हे एका कसोटीत कसं ठरवायचं?

रात्री नऊला हाताने धुवा, पिळा, दोरीवर टाका. सकाळी सातला तो कोरडा असला आणि इस्त्री न करता घालून बाहेर पडता आलं, तर तो चालेल. नाहीतर कितीही आवडता असला तरी घरी ठेवा. ही चाचणी निघण्याआधी पुण्यातच दोनदा घ्या : एकदा गॅलरीत उघड्यावर आणि एकदा दार बंद केलेल्या बाथरूममध्ये. पुण्याच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत जवळजवळ सगळंच वाळतं. खरी परीक्षा ताम्हिणी उतरून कोकणात गेल्यावर होते, आणि बंद बाथरूम त्याच्या बरंच जवळ जातं.

शुद्ध सुती घ्यावं की पॉलिएस्टर?

वरच्या कपड्यांसाठी दोन्ही नकोत, मिश्रण घ्या. कारण समजून घेतलं तर दुकानात कुणी काही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही.

नेहमीच्या हवेत कोरडा वाटणारा सुती धागासुद्धा वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कापड अंगाला सुखावतं, पण वाळायला वेळ घेतं. सुती धाग्यातल्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध ओलाव्याने सुटतात आणि कापड ज्या आकारात वाळेल त्याच आकारात पुन्हा बसतात. घामाने ओलसर झालेला शर्ट सीटवर दाबला गेला की ती घडी पक्की होते ती यामुळेच. पॉलिएस्टरला आकार कारखान्यात उष्णता देऊन बसवलेला असतो, त्यामुळे पाण्याने तो मोडत नाही. मात्र पॉलिएस्टर अंगावरचं तेल धरून ठेवतं. ते साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही, त्यावर जिवाणू वाढतात आणि धुतलेला शर्टही अर्ध्या तासात कुबट वास मारू लागतो.

शर्ट-पँटसाठी जुनं टेरिकॉट, म्हणजे सुमारे ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती, अजूनही उत्तम. घाम जास्त येत असेल तर ६० टक्के सुती आणि ४० टक्के पॉलिएस्टर घ्या. सुरकुत्या थोड्या वाढतील, वास कमी होईल. पँटसाठी पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) यांच्या मिश्रणाचं सूटिंग बघा. शाळेच्या गणवेशाचं कापड बहुधा हेच असतं, त्याची क्रीज टिकते आणि ते लवकर वाळतं. आतले कपडे मात्र सुतीच ठेवा, फक्त पातळ.

स्टोव्हजवळ काम करताना एक गोष्ट विसरू नका. पॉलिएस्टर आणि नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. गाडीतलं स्वयंपाकघर हातभर असतं, ओढणी किंवा पदर बर्नरपर्यंत सहज पोचतो. ओढणी काढा, पदर घट्ट खोचा आणि वरून जाड सुती एप्रन बांधा.

लक्ष्मी रोडवर किंवा रविवार पेठेत कापड घेताना कसं पारखायचं?

कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरा, वीस आकडे मोजा आणि सोडा. मिनिटभरात सुरकुत्या जवळजवळ मिटल्या तर ठीक. धारदार घड्या तशाच राहिल्या तर ते ठेवून द्या. मग कापड उजेडासमोर धरा. वीण विरळ, कुठे दाट कुठे पातळ दिसली तर चार-सहा महिन्यांत बसायच्या जागी आणि कोपरांवर कापड विरेल.

वजन विचारा. ते दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. शर्टाला ११० ते १४०, पँटला २०० ते २६० पुरे. जीन्सचं कापड ४०० च्या आसपास जातं. ती धुवायला बादलीभर पाणी आणि वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून आमच्या मते गाडीत जीन्सला जागाच नाही.

दुकानदाराच्या सांगण्याची खात्री वाटत नसेल तर नमुन्याची चिंधी मागून आणा आणि चार धागे चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्रणात राख आणि मणी दोन्ही दिसतात.

तुळशीबागेत ढिगाने मिळणाऱ्या रेयॉन कुर्त्यांबद्दल सावध करावंसं वाटतं. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस. ते मऊ असतं, सुंदर पडतं, पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. बादलीत घासून पिळलं की शिवणीशी फाटतं, शिवाय आटतंही. व्हिस्कोस पॉलिएस्टरबरोबर मिसळलेलं असेल तर चालतं, एकटं नको.

‘रिंकल-फ्री’ लिहिलेले सुती शर्ट कसे?

पहिले काही महिने छान. त्यावर रेझिनचा संस्कार केलेला असतो. तो धाग्यातल्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो, म्हणून घडी बसत नाही. पण त्यानेच धागा ठिसूळ होतो, आणि कॉलरची कड व कफ आधी विरतात. नवा शर्ट घालण्याआधी एकदा धुवाच, कारण बऱ्याच रेझिनांतून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि नाजूक कातडीला खाज येते. ब्लीच लावू नका.

तयार घ्यावेत की शिंप्याकडून शिवून घ्यावेत?

पुण्यात चांगले शिंपी आहेत, त्याचा फायदा घ्या. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साधारण बांध्याच्या माणसाला पूर्ण बाह्यांच्या शर्टाला १.६ मीटर आणि पँटला १.२ ते १.३ मीटर लागतं. सुती किंवा मिश्र कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. जे आटायचं ते तेव्हाच आटू द्या.

शिंप्याला पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगा, नाहीतर तो नेहमीच्या पद्धतीने शिवेल. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम जाड, चिकटवायचं नको. हलक्या प्रतीचं असलं तर धुता धुता सुटतं आणि कॉलरवर बुडबुडे येतात, मग ती इस्त्रीनेही बसत नाही. पातळ, आधी भिजवून घेतलेलं शिवायचं बकरम वापरायला सांगा. बाजूच्या आणि काखेच्या शिवणी दुमडून दोन टिपांच्या हव्यात, नुसतं ओव्हरलॉक नको. पँटच्या आसनाला तिहेरी टीप आणि आत दोन सेंटिमीटर मार्जिन ठेवा. सतत बसून गाडी चालवणाऱ्यांची पँट आधी तिथेच उसवते. चेन नायलॉनची घ्या, धातूची स्वस्त चेन खाऱ्या हवेत अडकते. खिशाचं अस्तर पातळ पॉलिकॉटनचं, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्रणाचं सांगा. जाड सुती अस्तर असलं की बाकी पँट वाळते आणि खिसे ओले राहतात.

शर्टाचा खालचा काठ सरळ कापला तर न खोचताही तो नीट दिसतो. ही बारीक गोष्ट आहे, पण रोजच्या वापरात फार सोयीची.

साडी नेसणाऱ्यांनी काय करावं?

साडी गाडीत उत्तम चालते, फक्त खळ लागणाऱ्या सुती साड्या घरी ठेवा. क्रेप आणि जॉर्जेट निवडा. त्यांचा धागा खूप पीळ दिलेला असतो, पोत मुळातच बारीक दाणेदार असतो, म्हणून सुरकुती पडली तरी डोळ्यांत भरत नाही. पॉलिएस्टर जॉर्जेटची साडी झटकून, चार पदरी करून दोरीवर टाकली तर वारा असताना दोन-तीन तासांत वाळते. गाडीच्या लांबीत साडेपाच मीटर पसरता येत नाहीत, त्यामुळे हे महत्त्वाचं.

साडी बिघडते ती बहुतेकदा फॉलमुळे. सुती फॉल आटतो, साडी आटत नाही आणि काठ चुण्या पडल्यासारखा वर ओढला जातो. सिंथेटिक साडीला पॉलिएस्टरचाच फॉल लावा. सुतीच लावायचा तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्या.

परकर पॉलिकॉटनचा बरा. साडीही सिंथेटिक आणि परकरही सिंथेटिक असला की हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्थिर विजेने साडी पायांना चिकटते. नाड्याच्या नेफ्यात पाणी साचतं, म्हणून परकर वाळत घालताना नेफा खालच्या बाजूला नको. ब्लाउज अस्तराचे नकोत. दोन-तीन साड्यांवर जाणारे काळा, मरून आणि सोनेरी छटेचे ताणणारे होजिअरी ब्लाउज पुरतात. नऊवारी रोज नेसत असाल तर पॉलिकॉटनची, बारीक चौकड्यांची घ्या. ती वाळायला दोन दोऱ्या समांतर बांधाव्या लागतात.

माणशी किती कपडे पुरतात?

दर तीन दिवसांनी धुणं धरलं तर : शर्ट किंवा कुर्ते ५, पँट किंवा सलवारी ३, आतले कपडे ६ जोड, मोजे ४ जोड, रात्रीचे २ जोड, एक स्वेटर, एक पातळ जर्किन, पावसाळी कोट आणि पँट वेगवेगळे, आणि समारंभाचा एक पूर्ण जोड. पावसाळ्यात कोकण किंवा केरळात जाणार असाल तर आतले कपडे ९ करा. शर्ट वाढवू नका. शर्ट दुसऱ्यांदा घालता येतो, ओली बनियन नाही.

टर्किशचा जाड टॉवेल घेऊ नका. पंचा घ्या, माणशी तीन. अंग पुसतो, धुतलेले कपडे गुंडाळून दाबायला चालतो आणि तासाभरात वाळतो.

रंग कोणते?

मधल्या गडदपणाचे : राखाडी, आकाशी, शेवाळी, मातकट. पांढऱ्यावर धूळ दिसते, आणि काळ्यावर धूळ व मिठाचे पांढरे ओघळ दोन्ही दिसतात. बारीक छापील किंवा बारीक चौकड्यांचं कापड डाग आणि सुरकुत्या दोन्ही झाकतं. व्हिडिओ कॉलवर काम करत असाल तर एक-दोन शर्ट सपाट रंगाचेही ठेवा, कारण अगदी बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरत, थरथरत दिसतात.

गाडीत मशीनशिवाय कपडे कसे धुवायचे?

रुंद तोंडाचा, झाकणाला रबरी रिंग असलेला २० लिटरचा प्लॅस्टिक ड्रम घ्या. त्यात ७ लिटर पाणी आणि १० मिलि द्रव डिटर्जंट घाला. पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नाही आणि कपड्यांवर पांढरे ठिपके राहतात. कपडे सुके असताना एक-सव्वा किलो, त्याहून जास्त नको. वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहायलाच हवा. ड्रम ठासून भरला तर आत हालचालच होत नाही आणि कपडे नुसते भिजतात. ड्रम जमिनीवर, पट्ट्याने दोन्ही बाजूंनी आवळून बांधा आणि ३०-४० किलोमीटर जा. घाटाची वळणं असतील तर धुणं आणखी चांगलं होतं.

उतरल्यावर कॉलर आणि कफ हाताने चोळा. पाच-पाच लिटरमध्ये दोनदा खळबळून काढा. म्हणजे सगळं धुणं १७ लिटरमध्ये होतं. फेस जात नसेल तर पाणी वाढवू नका, पुढच्या वेळी डिटर्जंट कमी करा. साबणाचा अंश राहिला की कापड कडक होतं आणि त्यावर धूळ जास्त बसते. साबणाचं पाणी नदी-ओढ्यात ओतू नका, पाणवठ्यापासून लांब मातीत जिरवा.

पिळताना शर्ट दोरखंडासारखा पिळवटू नका. कोरड्या पंचात गुंडाळून त्यावर गुडघा दाबा. पाणी जास्त निघतं आणि सुरकुत्या कमी पडतात. मग जोरात झटका आणि ओला असतानाच कॉलर, बटणपट्टी व खिशाची कड बोटांनी ओढून सरळ करा. शर्ट हँगरवर, वरचं बटण लावून. पँट आतली बाजू बाहेर करून, कमरेच्या बाजूने दोन चिमट्यांवर. इस्त्रीचं निम्मं काम इथेच होतं.

पाणी जड असेल तर?

खडकवासल्याच्या मऊ पाण्याची सवय असलेल्यांना बोअरच्या पाण्यात धुतल्यावर कपडे का कडकडतात ते कळत नाही. पाण्यातलं कॅल्शियम वडीच्या साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतं, तो धाग्यांत बसतो. अशा भागात वडी नको, द्रव डिटर्जंटच वापरा. शेवटच्या ५ लिटर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा. ब्लीच वापरलेल्या पाण्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास कसा टाळायचा?

वास पावसाचा नसतो, उशिरा वाळण्याचा असतो. गाडीच्या आत दोरी बांधत असाल तर दोन विरुद्ध बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा कपड्यांवर खालून सोडा. दोन कपड्यांत तळहाताएवढं अंतर हवं. तरीही वास आलाच तर कपडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा. लोकर आणि रेशीम यात घालू नका.

अर्धवट वाळलेला कपडा कपाटात कधीही नको. एका ओलसर बाहीमुळे शेजारच्या सगळ्या घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते सुती कापडावरून पूर्ण जात नाहीत.

इस्त्री न्यावी का?

नको. १००० वॉटची इस्त्री १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे ९० अँपिअरच्या वर करंट ओढते. सलग पाव तास तापत राहिली तर २०-२५ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतल्या वापरण्याजोग्या साठ्याचा जवळजवळ निम्मा. गावोगावी कोपऱ्यावर इस्त्रीवाला असतो, समारंभाचा जोड त्याच्याकडे द्या. देताना ‘पॉलिएस्टर मिश्र आहे, कमी आचेवर’ एवढं सांगा. कोळशाच्या इस्त्रीला आच ठरवून देता येत नाही. ती जास्त तापलेली असली तर असं कापड चकाकतं आणि ती चकाकी जात नाही. लेबलवर इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००.

रोजच्यासाठी जुना उपाय : पँट किंचित ओलसर असताना शिवणीवर शिवण जुळवून, वर-खाली वर्तमानपत्र घालून रात्रभर गादीखाली ठेवा. कॉलर आणि बटणपट्टीसाठी सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, त्यात उकळतं पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि पंचा अंथरून त्यावरून फिरवा.

हळद, लाल माती, ग्रीस : डाग कसे काढायचे?

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, हळदीतलं कुर्कुमिन अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. डिटर्जंटने धुऊन कपडा ओला असतानाच कडक उन्हात ठेवा. कुर्कुमिनला ऊन सोसत नाही, एक-दोन दुपारीत डाग फिका होतो किंवा निघून जातो.

कोकणातली जांभ्याची लाल माती ओली असताना चोळू नका, ती धाग्यात शिरते. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग धुवा. राहिलेली तांबूस छटा लोहाची असते. तिला लिंबूसत्त्वाचं पाणी लावून तासभर ठेवा. क्लोरीनचं ब्लीच लावलंत तर ती छटा उलट पक्की होते.

ग्रीस किंवा डिझेल लागलं तर आधी पाणी नको. कोरड्या डागावर टाल्कम पावडर पसरून पंधरा मिनिटांनी झटका, मग भांडी घासायचं द्रव बोटाने चोळा आणि दहा मिनिटांनी धुवा.

थंड प्रदेशासाठी मेरिनो घ्यावं का?

मेरिनो म्हणजे मेंढीची तलम लोकर. परवडत असेल तर एकच टी-शर्ट, १५० ते १८० जीएसएमचा पूर्ण बाह्यांचा. लोकर वास शोषून धरते, म्हणून तीन-चार दिवस न धुता घालता येतो. एन्झाइम असलेलं डिटर्जंट त्याला लावू नका. प्रथिनांचे डाग खाणारं एन्झाइम लोकरही खातं. आडवा पसरून वाळवा, टांगला तर लांबतो.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर चालतील?

अजिबात नको. त्याच हवेत तुम्ही झोपणार आहात. नॅप्थॅलीनची वाफ श्वासातून शरीरात जाते, आणि जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. लहान मुलं सोबत असतील तर गोळ्या गाडीत आणूच नका. वेखंडाच्या कांड्या किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, दर दोन महिन्यांनी बदला.

अचानक लग्न, मीटिंग किंवा मंदिर आलं तर?

पुरुषांसाठी गडद रंगाचं टेरीवूलचं (पॉलिएस्टर-लोकर मिश्रणाचं) जाकीट ही सगळ्यात कामाची वस्तू आहे. शर्टाच्या किंवा साध्या कुर्त्याच्या सुरकुत्या झाकते, धुवावी क्वचितच लागते आणि चारचौघांत शोभते. स्त्रियांसाठी एक काठाची आर्ट सिल्क साडी किंवा दाट विणीचा दुपट्टा तेच काम करतो. समारंभाचा जोड जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

दक्षिणेत जाताना पांढरं मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, बरोबर असू द्या. गुरुवायूर आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून मुंडू नेसूनच आत जावं लागतं. गुरुद्वारासाठी डोकं झाकायला मोठा रुमाल.

पादत्राणं?

तीन जोड : धुता येणारी सँडल, बंद बूट, बाथरूमची स्लीपर. कोल्हापुरी न्यायची तर पावसाळा सोडून, कारण वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं ते चामडं भिजलं की फुगतं आणि शिवण सुटते. पॉलियुरेथेन तळव्याचे बूट दमट जागी नुसते पडून राहिले तरी तळवा भुगा होऊन गळतो, म्हणून समारंभाचे बूटही महिन्यातून एकदा घाला.

शिवणाच्या डब्यात काय असावं?

हातशिलाईच्या सुया वेगवेगळ्या जाडीच्या सहा, पांढरा, काळा आणि राखाडी पॉलिएस्टर दोरा, शर्टाची ११ मिलिमीटरची दहा आणि पँटची १५ मिलिमीटरची चार बटणं, दोन हूक, सेफ्टी पिना, नाडा ओवायची सुई, मीटरभर इलॅस्टिक, चेनचे दोन सुटे रनर आणि बारीक कात्री. दोरा सुती घेऊ नका, घामाने आणि उन्हाने तो कापडाच्या आधी कुजतो. रनर घेताना तुमच्या चेनवरचा आकडा बघून घ्या. तो रनरच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो, पँटला बहुधा ३ किंवा ४ आणि जर्किनला ५.